बंधाऱ्यावरचे फूट सगळ्यांना कळतात, पॉझिटिव्हिटी रेट कुणाला कळला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलंय की कोरोनात ज्या व्यापाऱ्यांनी लॉकडाऊनला विरोध केला ते सगळे गल्ल्यासाठी हपापलेले होते, त्यांना लोकांच्या जिवाचं काही पडलं नव्हतं, पुढच्या वेळी असल्यांना आधी आत टाका. मी त्या विरोध करणाऱ्यांतलाच एक. चप्पल लाईनला माझं दुकान आहे, वडिलांच्या आधीपासूनचं, बोर्ड घेऊन रस्त्यावर उभा राहिलेलो, दंडाची पावती पण फाडलेली आहे. त्या गृहस्थांची पेन्शन चालू असावी असा माझा आपला अंदाज, चुकीचा असंल तर माफी. पण काय झालं ते आमच्या बाजूनं कुणीच लिहीत नाही म्हणून हा खटाटोप, पत्र जरा लांबणार आहे.

पहिल्यांदा २०२० चं सांगतो. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २४ ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून सगळं बंद. त्या वेळी कुणी विरोध केला नाही, मी पण नाही. उलट आमच्या गल्लीत बांबू आडवे बांधून बाहेरच्याला आत येऊ न देणारी पोरं होती त्यांना चहा आम्हीच देत होतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर नुकताच होऊन गेलेला, त्यात धंदा बसलेला, त्याच वर्षी कोल्हापुरी चप्पलला जीआय, म्हणजे ह्या भागाचीच वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं म्हणून जरा बरं वाटत होतं आणि आता उन्हाळ्याचा सीझन धरू म्हटलं तर हे. तरी गप्प बसलो. रोग नवीन होता, डॉक्टरांनाच काही कळत नव्हतं, तिथं आम्ही काय बोलणार. हप्ते सहा महिने पुढं ढकलले म्हणून सगळे खूश, नंतर बँकेचं स्टेटमेंट बघितल्यावर कळलं की हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. जुलैत परत जिल्ह्यापुरता आठवडाभराचा लॉकडाऊन झाला, तो पण पाळला. अंबाबाईचं मंदिर मार्चपासून बंद होतं ते दिवाळी पाडव्याला उघडलं आणि मंदिर बंद म्हणजे चप्पल लाईन बंद हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको, आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक देवीला आलेलं परगावचं. म्हणजे मधे काही महिने दुकान उघडं असून नसल्यासारखंच होतं. एवढं सगळं झालं तरी २०२० मधे मी एकही बोर्ड हातात घेतला नाही.

बिनसलं ते २०२१ च्या एप्रिलमधे, ४ तारखेला. त्या दिवशी रविवार होता, मंत्रिमंडळाची बैठक झाली, टीव्हीवर सगळीकडं पट्टी, ‘वीकेंड लॉकडाऊन’. म्हटलं ठीक आहे, शनिवार रविवार बंद, पाच दिवस तरी धंदा होईल, पाडवा तोंडावर आलाय, माल भरून ठेवलेला. आणि दुसऱ्या दिवशी आदेश हातात पडला तर त्यात अत्यावश्यक सोडून बाकीची सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत रोजच बंद! वीकेंडचं नाव सांगून अख्खा महिना बंद केला. सकाळी दुकान उघडायला गेलेली माणसं पोलिसांची गाडी बघून शटर परत खाली ओढत होती, कुणाला काही पत्ता नाही, एकमेकांना फोन, ‘अरे टीव्हीवर तर असं म्हणाले होते’. व्यापारी महाराष्ट्रभर चिडला तो ह्यामुळं. बंद केलं म्हणून नाही हो, सांगितलं एक आणि कागदावर आलं दुसरं म्हणून. माणसाला एकदा असं वाटलं की आपल्याला फसवलं, की मग पुढचं खरं सांगितलेलं पण खरं वाटत नाही, आणि सरकारनं ते एका रात्रीत करून घेतलं.

मग ती नियमावली महिन्या-दोन महिन्यांत इतक्या वेळा बदलली की आमच्या दुकानांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वकील होता तो सुद्धा म्हणाला मला विचारू नका. २० एप्रिलला आलं की किराणा, भाजी सकाळी ७ ते ११ च. आता सांगा, दिवसभरात येणारी गर्दी चार तासांत कोंबली तर गर्दी कमी होते की वाढते? लक्ष्मीपुरीत, कपिलतीर्थ मार्केटात त्या दिवसांत सकाळी जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, माणसाला माणूस घासत होता, दहा चाळीस झाले की जास्तच, कारण अकराला शिट्टी वाजणार. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, मोडलं तर ५० हजार दंड. आणि ह्याच सगळ्यात २ मे ला गोकुळ दूध संघाची निवडणूक झाली, मतदान झालं, ४ तारखेला निकाल लागला, आणि मग परत मे च्या मध्यात जिल्ह्यात कडक लॉकडाऊन, दूध आणि औषधं सोडून सगळं बंद. मी दूध संघाच्या विरोधात नाही, माझ्या मेहुण्याच्या घरी चार म्हशी आहेत, गोकुळवर त्याचं घर चालतं. पण निवडणूक होऊ शकते आणि एका दुकानात एका वेळी एक गिऱ्हाईक आत घेऊन चप्पल विकता येत नाही हे मला कोण समजावून सांगणार होतं? कुणी सांगितलं नाही. दारू घरपोच मिळत होती ते तर सोडूनच द्या.

आता माझ्या दंडाचं सांगतो. जूनची गोष्ट, पाऊस लागलेला. कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय रेक्झिन नाही, हिरडा आणि बाभळीच्या सालीवर कमावलेलं चामडं असतं, त्याला हवा लागते. बंद दुकानात, पावसाळी दमटात ठेवलं की बुरशी धरते. मी एप्रिलपासून अधूनमधून मागच्या दारानं जाऊन बघत होतो पण मागच्या खोलीतल्या खोक्यांपर्यंत हात पोचला नव्हता. जूनमधे एक खोकं उघडलं तर आतल्या कापशी जातीच्या चपलांच्या जोडांवर पांढरी हिरवी मऊ लव, बोट लावलं की धूर उडाल्यासारखी उडायची, आणि वास असा की नाक धरावं. वेणीच्या बारीक फटीत बुरशी गेली की ती नुसत्या फडक्यानं निघत नाही, ब्रशनं काढावी लागते, मग तेलाचा हात, मग वाऱ्याला ठेवायचं, उन्हाला नाही, ऊन लागलं की चामडं आकसतं आणि तळ वाकडा होतो. बायकोला सोबत घेतलं, शटर गुडघ्याएवढं वर घेतलं वारा यायला, दोघं आत खाली बसून चप्पल पुसत होतो. मास्क होता दोघांच्याही तोंडाला, बुरशीमुळं का होईना.

तेवढ्यात पथक आलं. चौघं होते, एकानं शटर पूर्ण वर केलं. ‘काका, दुकान का उघडलं?’ म्हटलं साहेब उघडलेलं नाही, माल सडतोय तो साफ करतोय, गिऱ्हाईक कुठाय बघा की. म्हणाला, ‘शटर वर आहे ना? मग उघडं.’ मी त्याच्या पुढं एक जोड धरला, म्हटलं हे बघा, वास घेऊन बघा पाहिजे तर. तो दोन पावलं मागं सरकला. त्यातला एक जण वयानं मोठा होता, तो हळूच म्हणाला, ‘मामा, आम्हाला पण टार्गेट आहे, पावती घ्या आणि विषय मिटवा.’ पावती घेतली. त्या माणसाचा मला राग नाही, तो पण घरी पोरं सोडून उन्हापावसात फिरत होता. राग आला तो ह्याचा की नियम लिहिताना ज्यानं ‘दुकान बंद’ असं लिहिलं त्याच्या डोक्यात दुकान म्हणजे नुसतं विक्रीचं काउंटर, आत माल असतो आणि तो नासतो हे आलंच नाही. भाजीवाल्याची भाजी नासते हे सगळ्यांना कळतं. चामडं नासतं हे कुणाला माहीत, कारण विचारलंच नाही कुणी.

आणि दुकानदाराचं एक वेळ सोडा, त्याच्या मागं सुभाषनगर, जवाहरनगरात चप्पल बनवणारी घरं आहेत. तिथं एका घरात कोण तळ कापतो, कोण शिवतो, बायका वेण्या घालतात, जोडावर पैसे. आम्ही माल उचलला तर त्यांची चूल पेटणार. त्यांचं दुकान नाही, शॉप अॅक्टचा कागद नाही, फेरीवाले नाहीत, त्यामुळं फेरीवाल्यांना दीड हजार जाहीर झाले त्यात पण ते बसत नव्हते. मला फोन यायचे, ‘मालक, दहा जोड तरी घ्या.’ घेऊन ठेवू कुठं, बुरशीला?

ह्याच जूनमधे राज्य सरकारनं ते पाच लेव्हल काढले. माझ्या विरोधाचं खरं मूळ ह्यात आहे, म्हणून जरा नीट सांगतो. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर टेस्टमागं किती पॉझिटिव्ह आले ते, ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांच्या आत भरलेले तर लेव्हल एक, सगळं उघडं. मग वरवर चढत १० ते २० टक्के असेल तर लेव्हल चार, अत्यावश्यक सोडून दुकानं बंद. कल्पना वाईट नव्हती हे मी तेव्हाही म्हणत होतो. आमच्यातल्या काहींना ते पटत नव्हतं, पण काहीतरी मोजमाप आहे, ते खाली आलं की सुटका, हे निदान समजण्यासारखं होतं. घोळ त्याच्या पुढं आहे. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका वेगळ्या धरल्या, बाकीच्या जिल्ह्यात टाकल्या. कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आम्ही जिल्ह्यात. आणि आमचा जिल्हा म्हणजे बारा तालुके, इकडं शिरोळ तर तिकडं चंदगड, गगनबावडा. चंदगडला किती टेस्ट झाल्या आणि किती पॉझिटिव्ह आल्या ह्यावर महाद्वार रोडचं शटर वर जायचं की नाही ते ठरणार! आकडा आठवड्याला एकदा येणार, तो कसा काढला ते कुणाला विचारायचं माहीत नाही, त्यात जून संपता संपता नवीन आदेश की आता झटपट होणारी अँटिजेन टेस्ट धरायची नाही, फक्त लॅबमधली आरटीपीसीआर टेस्ट धरायची. म्हणजे खेळ अर्ध्यावर आला आणि पट्टीच बदलली. त्यांच्याकडं शास्त्रीय कारण असणार, असेलच, डेल्टा प्लस ह्या कोरोनाच्या नव्या प्रकाराची भीती होती. पण ते कारण आमच्यापर्यंत मराठीत, साध्या शब्दांत कुणी आणलं?

आता मी जे म्हणतोय ते कोल्हापूरकराला लगेच कळेल. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आपण पहिलं काय विचारतो? ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. हे शाळेतल्या पोराला पाठ आहे, भाजीवाल्या मावशीला पाठ आहे, कलेक्टरला जो आकडा कळतो तोच रिक्षावाल्याला कळतो. आणि त्याहून पुढं, प्रत्येक गल्लीला आपला स्वतःचा आकडा माहीत आहे, अमुक फूट झालं की आपल्या दारात पाणी, अमुक झालं की जनावरं हलवायची. शुक्रवार पेठेतल्या माणसाला जयंती नाल्याचं पाणी कधी उलटं फिरतं ते सांगायला सरकारी माणूस लागत नाही. म्हणून पोलीस न लावता लोक घरं सोडतात. थोडे हट्टी असतात, ते असायचेच, त्यांना बोटीनं काढावं लागतं. पण आकड्यावर विश्वास नाही म्हणून कोण भांडलाय का कधी? नाही. कारण तो आकडा आपल्या नदीचा आहे, उघड्यावर आहे, तासातासाला कळतो आणि गेल्या वर्षी ४३ होता, यंदा अचानक ४१ केला असं होत नाही.

कोरोनाचा आकडा असा का नव्हता, एवढाच माझा प्रश्न होता आणि आहे. वॉर्डाप्रमाणे द्या ना. आमच्या प्रभागात आज इतक्या टेस्ट, इतके पॉझिटिव्ह, सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात, आणि बाकी दवाखान्यांत ऑक्सिजनचे बेड इतके शिल्लक. चौकात फळा लावा. बेड संपत आले असं त्या फळ्यावर दिसलं असतं तर मी स्वतः शटर ओढलं असतं आणि शेजारच्यालाही ओढायला लावलं असतं. आम्ही काय परके आहोत का, आमच्या पेठेतली माणसं गेली की. रोज ज्याच्याबरोबर कट्ट्यावर बसायचो तो माणूस दवाखान्यात गेला तो परत आला नाही, त्याच्या पोराला लांबून हात जोडले, खांद्याला हात लावता आला नाही. पंचगंगा स्मशानभूमीत त्या दिवसांत काय चाललं होतं ते गावाला माहीत आहे, तिथं लाकूड-शेणी फुकट मिळतात आणि त्या शेणी गावच देतं, कमी पडू नये म्हणून आमच्या ओळखीच्यांनी ट्रॉल्या नेऊन टाकल्यात. तीच माणसं दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन महाद्वार रोडला उभी होती. ‘जिवाचं काही पडलं नव्हतं’ असं लिहिणाऱ्यानं जरा दमानं घ्यावं.

बोर्डाचं पण सांगतो. माझ्या बोर्डवर पोरीनं स्केचपेननं लिहून दिलेलं, ‘चप्पल अत्यावश्यक नाही, मग घरफाळा अत्यावश्यक कसा?’ कारण दुकान बंद असलं तरी घरफाळा, परवाना फी, लाईट बिलातला स्थिर आकार, बँकेचा हप्ता हे सगळं अत्यावश्यक सेवेत मोडत होतं बहुतेक, ते कधी बंद पडलं नाही, आणि २०२१ ला २०२० सारखी हप्त्यांची सरसकट सवलत पण नव्हती. शिवाय ऑनलाइनवाल्यांना अत्यावश्यक मालाबरोबर बाकीचा माल पण पोचवायला मुभा मिळालेली. माझ्या दुकानाच्या समोरच्या बिल्डिंगमधे एका पोरानं बाहेरून मागवलेला चप्पलचा बॉक्स माझ्या बंद शटरपुढून गेला. कोल्हापूरच्या चप्पल लाईनला, हो, बाहेरून चप्पल! त्या पोराला मी काही बोललो नाही, त्याचं काय चुकलं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

आंदोलन म्हणजे आम्ही काही दगडफेक केली नाही. अंतर ठेवून, मास्क लावून आपापल्या दारात उभं राहायचं, निवेदनं द्यायची, बैठका. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी कोल्हापूर कसं उतरलं होतं रस्त्यावर ते ज्यांनी बघितलंय त्यांना आमचं हे आंदोलन अगदीच मवाळ वाटेल. आता खरं सांगायचं तर आमच्यात पण सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. एक जण यायचा, मोबाईल दाखवायचा, कोरोना बिरोना काही नाही, सगळं औषध कंपन्यांचं कारस्थान, टॉवरमुळं होतंय, लस घेतली की दोन वर्षांत माणूस खलास. मास्क हनुवटीवर. त्याच्याशी माझी भर बैठकीत जुंपली. मी म्हटलं भावा, तू इथं उभा राहिलास की उद्या पेपरात फोटो तुझाच येणार आणि आम्ही सगळे येडे ठरणार, तुला मास्क वर करायचा नसेल तर घरी जा. तो म्हणाला तू सरकारचा माणूस. झालं, सरकार म्हणतंय व्यापाऱ्यांचा माणूस आणि हा म्हणतोय सरकारचा! लस मी पहिल्यांदा मिळाली तेव्हाच घेतली, लाईनीत उभं राहून, टोकन घेऊन. पण नेमकं असल्या एक-दोघांमुळं विरोध करणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तोच येतो, दुकानदार आणि कारागीर येत नाहीत. आपल्या पत्रलेखकाचंही तेच झालेलं दिसतंय.

शेवटी जुलैच्या ५ तारखेपासून शहरातली सगळी दुकानं पाच दिवस उघडायला परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी मी काय विकलं म्हणता? सॅनिटायझरची बाटली काउंटरवर, दोरी बांधलेली, गिऱ्हाईक दोरीच्या पलीकडं, आणि दिवसभरात आले ते बहुतेक जण पावसाळी रबरी चप्पल आहे का विचारायला. ती मी ठेवतच नाही. आणि त्याच महिन्यात २३ च्या आसपास पंचगंगेला परत महापूर, शिरोलीजवळ हायवे बंद, ४३ फूट कधीच मागं पडले. त्या पुरात बघा, त्याच माणसांनी, ज्यांना महिन्याभरापूर्वी बेशिस्त म्हणत होते, आकडा बघून रातोरात माल वर चढवला, शेजाऱ्याचा पण चढवला.

अजून एक गोष्ट पत्रलेखकाच्या ‘आत टाका’ ह्या वाक्यावर. टाकत होतेच की. ज्या साथरोग कायद्याखाली हे सगळं चाललं तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा, इंग्रजांनी केलेला. चार कलमांचा छोटासा कायदा, त्यात एक कलम असं की सद्भावनेनं काही केलं तर अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. दुकानदारानं सद्भावनेनं बुरशी पुसली तर त्याला कुठलं कलम आहे? त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घरात घुसून झडत्या घेतल्या, लोक कसे खवळले आणि रँडचं काय झालं ते आपण शाळेत शिकलोय, आणि आपल्याच राजर्षी शाहूंच्या राज्यात प्लेगच्या वेळी लोकांना गावाबाहेर माळावर राहायला नेलं ते पण शिकलोय. गाव सोडायला लावणं हा काही दुकान बंद करण्यापेक्षा लहान हुकूम नाही. पण हुकूम देणारा माणूस कोण आहे आणि तो आपल्याशी बोलतो का, ह्यावर बराच फरक पडत असावा, असं मला तरी वाटतं.

सरकारी आदेश मोडला म्हणून कलम १८८ खाली गुन्हे किती पोरांवर पडले. आमच्या गल्लीतला एक, आजीचं बीपीचं औषध आणायला गाडीवर गेलेला, चिठ्ठी घरी राहिली, गाडी जप्त, गुन्हा दाखल. २०२२ च्या मार्चमधे गृहमंत्र्यांनी सांगितलं की लॉकडाऊनमधले असले गुन्हे मागं घेणार, बरं वाटलं ऐकून. पण त्या पोराला मधल्या काळात एका नोकरीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे का’ ह्या रकान्यात हो लिहावं लागलं ते कोण मागं घेणार. आणि जर गुन्हे मागं घेण्यासारखेच होते तर मग आमचे दंड परत करा असं मी म्हणत नाही, तेवढा मी लोभी नाही, पत्रलेखक काही म्हणोत.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी पावसाळ्याआधी होतो, त्यात साथरोगाचं एक प्रकरण घाला आणि ते ठरवताना पेठांतल्या तालमींना, व्यापाऱ्यांना, सुभाषनगरच्या कारागिरांना, भाजीवाल्या बायकांना बोलवा. कुठला माल बंद दुकानात नासतो त्याची यादी आम्ही देतो, साफसफाईला आठवड्यातून दोन तास द्यायचे की चार ते तुम्ही ठरवा. आकडा वॉर्डाचा असावा आणि एकदा ठरला की साथ चालू असताना बदलू नये, बदलायचा झाला तर कारण त्याच दिवशी सांगावं. घरातून वेण्या घालणाऱ्या बायकांची नोंद आत्ताच करून ठेवा, साथ आल्यावर कागद शोधत बसू नका. आणि टीव्हीवर वीकेंड म्हणायचं असेल तर आदेशात पण वीकेंडच लिहा.

पत्र फार लांबलंय ह्याची कल्पना आहे, एवढी जागा आपण देणार नाही हे पण माहीत आहे. काटछाट करणारच असाल तर निवडणुकीचं आणि दारूचं काढलं तरी चालेल, त्यावर उगंच राजकारण होतं. बुरशीचं आणि बंधाऱ्याचं तेवढं राहू द्या.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक चप्पल विक्रेता, चप्पल लाईन, कोल्हापूर